कोळशाची लॉरी आणि धाकट्याचा निकाह

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं, तेव्हा आमच्या मालकांनी लॉरीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. मालक लोणावळ्याचे. मावळातलं भात आणि गवत उचलून विकायचा त्यांचा धंदा, आणि मी त्यांचा ड्रायव्हर. लॉरी मुळातच जुनी होती. समोरची काच तडकलेली, दुसरा गिअर हाताने धरून ठेवावा लागायचा. पण पेट्रोलवर होती तोवर ती चालायची, एवढं तिच्याबद्दल म्हणता येईल.

भट्टी म्हणजे केबिनच्या मागे उभं केलेलं माणसाएवढं लोखंडी पिंप. त्यात लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं. पाऊणएक तासाने त्याचा इंजिन चालण्याजोगा गॅस झाला तर झाला. मग थोड्या पेट्रोलवर इंजिन चालू करायचं आणि हळूच गॅसवर घ्यायचं. एवढं करून लॉरीची ताकद निम्मी. सपाटीला ठीक, चढावर जीव काढायची. संध्याकाळी डोकं ठणकायचं आणि थुंकी काळी पडायची. मालकांना मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, बाकीचे चालवतातच की.

आमचं घर इंदुरीचं. अब्बा बैलगाडी हाकायचे. गावचं भात तळेगावच्या स्टेशनावर पोचवण्यात त्यांची उमर गेली. मी लॉरी शिकलो ते त्यांना कधी पटलं नाही. पण तसं ते तोंडाने म्हणाले नाहीत. फक्त माझ्या लॉरीत कधी बसले नाहीत.

धाकट्या भावाचं लग्न वलवणच्या मुलीशी ठरलं. वऱ्हाड इंदुरीहून वलवणला न्यायचं होतं. अब्बांचा बेत असा, की आदल्या दिवशी दुपारी गाड्या जुंपायच्या, कामशेतला मुक्काम करायचा आणि सकाळी पुढं निघायचं. मी अडून बसलो. भाऊ ड्रायव्हर असताना नवरदेव बैलगाडीतून जाणार, हे मला सोसवेना. मालकांकडे चार खेपा घातल्या तेव्हा त्यांनी एका दिवसासाठी लॉरी दिली.

अब्बा म्हणाले, "तू ने तुझ्या लॉरीतनं. मी अन् म्हातारी माणसं आदल्या दिशी गाडीनं जातो." आणि गेलेसुद्धा.

लॉरी आणायला गेलो तर माझी राखून ठेवलेली कोळशाची पोती गायब. मालकांनी ती दुसऱ्या लॉरीला दिली होती. मला मिळाली ती गोदामातली झाडलोट. निम्मी भुकटी, निम्मे ओलसर तुकडे. मी कुरकुर केली, पण लॉरी परत ठेवून जा म्हणतील या भीतीने फार बोललो नाही. तिथंच माझं चुकलं.

सकाळी इंदुरीहून निघालो. मागे तीसेक माणसं, त्यात हिंदू शेजारी, ताशेवाले, आणि माझ्या शेजारी पांढऱ्या कोटातला धाकटा, फुलांचा सेहरा मांडीवर घेऊन. तळेगावपर्यंत ताशा वाजत होता. वडगावला लॉरी धापा टाकायला लागली. कान्हे ओलांडून पुढच्या चढाला लागलो आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

सगळे उतरले. मी भट्टीचं तोंड उघडून जळक्या राखेचं कीट खरवडून काढलं, गॅसची गाळणी झटकली, पुन्हा पेटवलं. पंखा फिरवायला लोक आळीपाळीने आले, पण कुणाचा हात लयीत पडेना. शेवटी धाकटा खाली उतरला. मी नको म्हणालो, तरी त्याने पंख्याचा दांडा धरला. माझ्याबरोबर सुट्टीच्या दिवशी येऊन तो शिकला होता. काजळीचा भपकारा आला आणि त्याच्या कोटावर छातीपासून खिशापर्यंत काळा पट्टा उमटला. तो झटकायला गेला तर आणखी पसरला. मला रडू यायच्या बेतात होतं. मी दांडा हिसकावून घेतला.

लॉरी दोनदा चालू झाली, पन्नास-साठ पावलं चढली आणि दोनदा बंद पडली. लोकांनी ढकलूनही पाहिली. ऊन डोक्यावर आलं. काझीसाहेबांना दुपारनंतर दुसऱ्या गावी जायचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावचे आबा, आमचे शेजारी, मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, कामशेत स्टेशन काय लांब न्हाई. आमी चालत जातो, गाडी धरतो, लोणावळ्याला उतरतो, तिथनं वलवण जवळच. हितं थांबून न्हाई भागायचं."

मी म्हणालो मीही येतो. पण भट्टीत विस्तव होता, लॉरी चढावर दगड लावून उभी होती आणि ती मालकांची होती. सोडून जाता येईना. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तू नसशील तर मी कबूल म्हनू कसा?" असं म्हणाला. मी त्याला जरा जोरातच जा म्हणालो. काळा पट्टा झाकण्यासाठी आबांनी आपलं उपरणं त्याच्या खांद्यावरून सोडलं. सगळे वळणाआड गेले तरी बराच वेळ खांद्यावरच्या ताशांची खडखड ऐकू येत होती.

त्या दुपारी मी भट्टी पूर्ण विझवली. पोती रस्त्यावर उलटी करून भुकटीतून कोळशाचे तुकडे एकेक वेचले, उन्हात वाळवले आणि पुन्हा पेटवलं. मधल्या वेळात मालकांना जे जे बोलायचं होतं ते सगळं लॉरीला बोललो. उन्हं उतरल्यावर इंजिनाने गॅस धरला आणि तोच चढ लॉरी विनातक्रार चढली. तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी तिला दरीत ढकलावीशी वाटली.

वलवणला पोचलो तेव्हा निकाह होऊन गेला होता, जेवणं उरकली होती आणि मुलीकडची माणसं पातेली घासत होती. अब्बा मांडवाच्या तोंडाशी बसले होते. मी त्यांच्या बोलण्याची वाट पाहत उभा राहिलो. ते रागाचे चार शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?" मी नाही म्हणालो. ते स्वतः उठून माझ्यासाठी ताट घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लग्न लागलं ना शेवटी? मग झालं तर." नोकरी सोडायचं मनात शंभरदा आलं, पण त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या लॉरीला भट्टीच होती. लढाई संपल्यावर भट्टी छिन्नीने तोडून काढली, तोवर काजळीने इंजिन पार खाल्लं होतं. लॉरी भंगारात गेली आणि मी दुसरीकडे लागलो.

धाकटा मात्र पुढं कुणालाही सांगायचा, की माझा भाऊ निकाहात माझ्या उजव्या हाताला बसला होता. मला वाईट वाटू नये म्हणून सांगायचा, हे कळायचं. तरी दर वेळी मी त्याला सगळ्यांदेखत अडवायचो, की मी नव्हतो, मी कान्ह्याच्या चढावर कोळसे वेचत होतो. आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तेच सांगायचा.