काकूचं बाहेर बसनं

विड्या वळताना हात गुतलेले अन् तोंड मोकळं! यंदा पाऊस न्हाई, रानात काम न्हाई, म्हनून सखूकाकू, रशीदाचाची, माझी आई समद्या आमच्या अन् काकूच्या घराला मिळून असलेल्या वट्ट्यावर विड्या वळत्यात. सांजपत्तोर सुपात विड्या कमी, गोष्टीच जास्त! मी सातवीत शाळा सोडली, त्यामुळं मला निम्म्याच कळत्यात. कळल्या तेवढ्या सांगते.

*

भर थंडीत काकूला एकदम घाम फुटला. तिनं मांडीवरचं सूप उचललं अन् वारा घ्याय लागली. सुपातली तंबाखू समद्यांच्या नाकात! चाची शिंकती, आई शिंकती.

"काकू, पोटात भट्टी लावली का काय?" मी म्हनले.

"थांब भवाने, तुझं बी वय व्हईल की!"

चाची म्हनली, "पाळी जाताना असंच व्हतंय."

जानारी जाती, मग जाळून का जाती? मला कायबी कळलं न्हाई.

*

एकदा काकू चाचीच्या कानात बोलत हुती. माझे कान बी तिथंच.

"हे लई जीव लावत्यात गं. पर अलीकडं माझं मनच हुत न्हाई. जवळ सरकले की वाटतं, उठून जात्यावर बसावं."

"माझं उलटं झाल्तं!" चाची म्हनली. "आमचे मियाँ राखनीला म्हनून रानात झोपाय गेले. रानात पीकच न्हवतं!"

एकीचं मन जातं, एकीचं येतं, अन् दुखनं म्हनं तेच! मग औषध द्यायचं कुनाला, बायकोला का नवऱ्याला?

*

काकू दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सबाईला भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल तिरकोनापलीकडं कायबी दिसत न्हाई. काकूनं तोंड उघडायच्या आत ती म्हनली, "बास झाली ना मुलं? लूप बसवून टाकू!"

"बाई, दुकानच बंद झालं माझं," काकू म्हनली. "आता कुलूप कशाला?"

*

आमच्याकडं पाळीतल्या बाईनं वट्ट्याच्या कोपऱ्यात बसायचं, तिथंच निजायचं. तिला कुनी शिवायचं न्हाई, भाकरीसुदा वरून टाकायची. काकूची पाळी कवाच गेली, तरी ती बाहेर बसायची! तिच्या नवऱ्याला, नानांना, पाळी गेल्याचा पत्ताच न्हाई. मग तर ती सारखीच बसाय लागली.

मला ऱ्हावलं न्हाई. नानांसमोरच इचारलं, "काकू, परवाच उठलीस, अन् आज परत?"

समद्यांचे हात थांबले. नाना काकूकडं बघतच ऱ्हायले. मग घरात गेले.

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. काकू रडाय लागली. "त्यांना वाटंल, मला तेच नकोसे झाले!"

नकोसे न्हाईत, तर बाहेर का बसती? पर पाठ दुखत हुती, म्हनून इचारलं न्हाई.

"सरळ तोंडानं सांग की," चाची म्हनली.

"तोंडानं? अगं, लगीन झाल्यापास्नं त्यांचं नाव घेतलं न्हाई मी!"

*

दुसऱ्या दिशी तिन्हीसांजेला नाना आपली वाकळ घेऊन बाहेर आले. वट्ट्याच्या कोपऱ्यात आंथरली अन् ऐटीत बसले.

"कुनी शिवू नका रे! आजपास्नं मी बाहेर."

काकू दारात. "अवो, बाप्ये कवा बसत्यात का बाहेर?"

"तू आत नीज निवांत. भाकरी तेवढी वरून टाक."

काकू भाकरी घेऊन आली. वरून टाकली न्हाई. नानांच्या वाकळंवर टेकली अन् भाकरी त्यांच्या हातात दिली.

"आगं, शिवलीस की मला!"

"शिवले," काकू म्हनली. "जेवा गुमान."