नेश

खिडकी जराशी उघडी होती, म्हणून मी स्वेटरवर शाल ओढली. खुर्चीतल्या मार्गारेटबाई हसल्या. "काय गं, अगदीच नेश निघालीस!"

इंग्लंडमधल्या या वृद्धाश्रमात मी त्यांची देखभाल करते. सातवीतच शाळा सुटली, त्यामुळे न कळलेला प्रत्येक शब्द मला आधी शिवीच वाटतो. माझं काय चुकलं? मॅनेजरला सांगतील का? काम गेलं तर? चहा देताना मी उगाचच दोनदा माफी मागितली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, ज्याला थंडी सोसत नाही तो नेश. आमच्याकडचा गावठी शब्द आहे. फार पूर्वी त्याचा अर्थ नुसता मऊ, कोवळा असा होता. पुढे लोकांनी त्याचीच टिंगल केली."

मला आमचं हळवं भात आठवलं. माणूस हळवा म्हटला की आपणही जरा हसतोच. पण कोकणात हळवं म्हणजे लवकर पिकणारं. जुनं भात संपत आलेलं असतं, उशिरा पिकणारं गरवं अजून हिरवंच असतं, तेव्हा घरात येतं ते हळवं. आई त्याच्या पहिल्या लोंब्या दाराला बांधायची. शब्द तोच, पण भाताला केवढा मान!

हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी बाईंना सांगितलं. मग माझ्या शालीचं टोक हळूच स्वतःच्या गुडघ्यांवर ओढत त्या म्हणाल्या, "लाव ती खिडकी. मीही नेशच आहे. कुणाला सांगू नकोस हं."