सहदेवभाऊंच्या कुंड्यांतली चिलटं

सहदेव नारकरांना 'नको' म्हणता येत नसे. एरवी माणूस मुका नव्हता. गिरणीतल्या गोष्टी सांगायला बसले की समोरचा जांभया देऊ लागला तरी थांबत नसत. पण कुणी काही पुढे केलं की घेतलंच पाहिजे असा त्यांचा खाक्या. चहा घ्या म्हटलं, घेतला. आणखी अर्धा म्हटलं, तोही घेतला. गणपतीची वर्गणी तुम्हीच गोळा करा, केली. एकदा तर दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून कंगवा घेऊन बसले. डोक्यावर केस म्हणाल तर कानामागे थोडे उरलेले.

मी त्यांची शेजारीण नलिनी. घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, सामाईक गॅलरीच्या तोंडाशीच माझी खोली आणि दारातच माझं शिलाई मशीन. ब्लाउजला हुक लावता लावता मजल्यावरचं सगळं दिसायचं, आणि दिसलं की त्यावर बोलल्याशिवाय माझ्याने राहवायचं नाही. मला 'नको' म्हणायला कधी जड गेलं नाही, म्हणून सहदेवभाऊंचा मला भयंकर राग यायचा आणि तितकीच मायाही वाटायची.

त्या गॅलरीत कठड्याला लागून त्यांच्या कुंड्या. कुंड्या कसल्या, तेलाचे आणि रंगाचे रिकामे डबे, एक तळ गेलेली बादली. त्यांत अबोली, कोलियस, नेचे, पानओवा आणि मधोमध तुळस. त्याचं असं झालं, की ब्याऐंशीच्या संपात त्यांची गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही. वर्षानुवर्षं पहिल्या पाळीला जाणारा माणूस, तो सकाळी उठून करणार काय? पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहायचा. कुणीतरी अबोलीचं एक रोप आणून दिलं, अर्थातच त्यांनी ते घेतलं, आणि त्याला पाणी घालायला म्हणून ते पुन्हा उठायला लागले. पुढे मरोळला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं, पण झाडं वाढतच गेली. त्यांची बायको रुक्मिणीवहिनी म्हणायची, "ह्या झाडांनी माजो घोव सांभाळल्यानी."

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी दोघं मालवणकडे गावाला निघाली. झाडं कुणावर सोपवायची? एकाला सांगितलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल. म्हणून सहदेवभाऊंनी मजल्यावरच्या प्रत्येकाला एकेकटं गाठून हळूच सांगितलं, "जरा झाडांकडे बघा हां, तुमच्याच भरवशार सोडून जातंय." माझ्याकडेही आले. मी म्हटलं, "भाऊ, लग्नाचे दिवस आहेत, ब्लाउजांचा ढीग पडलाय. मला जमणार नाही." त्यांनी मान डोलावली आणि पुढचं दार ठोठावलं.

झालं! प्रत्येक घराला वाटलं की जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे. कुणी सकाळी नळ आला की बादलीतून पाणी घाली, कुणी दुपारी भांडी आवरल्यावर, कुणी संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी. शिवाय झाडं धष्टपुष्ट व्हावीत म्हणून वरून तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, चहाचा चोथा, बटाट्याच्या साली. मी मशीनवरून बघत होते. वाटलं, भाऊंनी पाळ्या लावून दिल्या असतील. माणसं किती प्रेमळ असतात म्हणून मनात कौतुकही केलं.

दोघं गावाहून परत आली तेव्हा गॅलरीत पाय ठेवताच तोंडावर चिलटं आली. बारीक, काळी, नाकाडोळ्यांत शिरणारी. कुंडीला हात लावला की भुर्रकन उठायची आणि पुन्हा तिथेच मातीवर बसायची. मजल्यावर कुणाला चहा उघडा ठेवायची सोय उरली नाही. कोलियस कोमेजायला लागलं होतं, अबोली पिवळी पडली होती. भाऊ एकेका डब्यापाशी उकिडवे बसून मातीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव त्याच आठवड्यात वर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त धोतराला डाग पडलेला त्यांना खपत नसे. म्हणाले, "नारकर, श्रावणातली सत्यनारायणाची पूजा इथेच, ह्या गॅलरीत होते. प्रसादाच्या शिऱ्यात चिलट पडलं तर मी चार लोकांत तोंड कसं दाखवू? पूजेपर्यंत चिलटं गेली तर ठीक. नाहीतर कुंड्या उचलायच्या. सगळ्या."

"बरोबर आसा तुमचां," सहदेवभाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

ही बातमी पसरली आणि मजला उपाय घेऊन धावून आला. एकीने कडुनिंबाचा पाला उकळून आणला, एकाने रात्रभर भिजवलेल्या तंबाखूचं पाणी, कुणी हिंगाचं पाणी, कुणी आंबट ताक. औषध फवारायचं कुणी बोललंही नाही, मुलं तिथेच खेळायची आणि मध्ये तुळस. उपाय सगळे घरगुती, पण सगळे पातळ. आणि भाऊ प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे, प्रत्येकाचा तांब्या कुंडीत रिकामा करू द्यायचे. चिलटं दुप्पट झाली.

"वाट लागली भाऊ तुमच्या झाडांची," मी म्हटलं.

"लोका मायेन करतत गो," ते म्हणाले.

मजल्यावर टेलिफोन एकच, तो नंदकिशोर कोठारींच्या घरी. हे नंदकिशोर म्हणजे थेंब थेंब मोजून पाणी वापरणारा गडी. पाहुण्याला पाणी विचारायचे तेही अर्धा पेलाच. बोरिवलीच्या बहिणीचा फोन यायचा होता म्हणून एका दुपारी मी त्यांच्याकडे ताटकळत बसले होते, तर कपाटावर ओळखीचा डबा दिसला. भाऊंचा मनी प्लँट! घरात ठेवला तर बरकत येते म्हणून ह्यांनी गावाला निघालेल्या भाऊंकडून तो मागून घेतला होता आणि परत द्यायचं नाव नव्हतं. पानं हिरवीगार. आणि चिलट? औषधालाही नाही. स्टुलावर चढून मातीत बोट घातलं तर वरची माती रव्यासारखी कोरडी.

"ह्याला पाणी कधी घातलंत हो?" मी विचारलं.

नंदकिशोर गोरेमोरे झाले. "परवाच," म्हणाले. मी बघतच राहिले तेव्हा म्हणाले, "नळाला तासभर पाणी येतं, आमचंच भागत नाही. आठवण झाली की पेलाभर ओततो. तुम्ही नारकरांना सांगू नका प्लीज."

सांगू नका काय! बहिणीचा फोन येऊ दे नाहीतर न येऊ दे, मी तशीच पळत सुटले. भाऊंना म्हटलं, "चिलटं ओल्या मातीत अंडी घालतात. कोरड्यात त्यांचं काही चालत नाही. पाणी तोडा."

मग दोघा नवरा-बायकोने आणि मी मिळून कामाला सुरुवात केली. डब्यांतली वरची चिकट माती, चोथा, साली सगळं खरवडून काढलं. बटाट्याची एक साल उलटली तर तिच्या खाली पांढऱ्या बारीक अळ्यांची जत्रा. वहिनी शहारली, पण डोकं तिचंच चाललं. संध्याकाळी ती मातीवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायची आणि सकाळी अळ्यांसकट उचलून लांब टाकून यायची. समोर बिल्डिंगचं बांधकाम चालू होतं, तिथली सुकी रेती आणून प्रत्येक डब्यात वर जाड थर पसरला. मला आठवलं, चिलटांनी माझ्या गिऱ्हाइकाचा हळदीच्या रंगाचा कपडाच तेवढा पकडला होता, शेजारच्या निळ्याला शिवलीही नव्हती. म्हणून मी पुठ्ठ्यांना पिवळा कागद चिकटवला, वर एरंडेल चोपडलं आणि काड्यांना बांधून कुंड्यांत रोवले. उडणारी चिलटं त्यावर जाऊन चिकटायला लागली. झकास!

राहिलं पाणी तोडणं. ते भाऊंनी तोडायचं होतं. मी म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना." वहिनी म्हणाली, "तू नको सांगू. ह्येंनीच सांगूक होयां."

भाऊंनी पळवाट काढली. कामावर जायच्या आधी गॅलरीत उभे राहायचे. कुणी तांब्या घेऊन आलं की "द्या, मी घालतंय" म्हणून हातातून घ्यायचे आणि माणूस आत वळला की पाणी लादी पुसायच्या बादलीत. दुपारचं आणि संध्याकाळचं वहिनी सांभाळायची. आमची गॅलरी इतकी स्वच्छ आधी कधीच नव्हती. माती सुकली, चिलटं ओसरली.

पण संपली नाहीत. कारण तुळस. मजल्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या सोनूबाई, अलिबागकडच्या, आंघोळ करून पुटपुटत यायच्या आणि तुळशीला तांब्याभर पाणी घालायच्या. त्यांच्या हातून देवाचा तांब्या कोण मागून घेणार? तुळस सदा चिखलात, आणि तिथून उठलेली चिलटं पुन्हा सगळीकडे. पूजा जवळ आली होती. भाऊराव येता-जाता वर बघायचे.

मी एकदा चिडून म्हटलंच, "एका म्हातारीला 'नको' म्हणता येत नाही तुम्हाला? तिच्यापायी सगळी झाडं घालवणार?"

भाऊ कठड्याला टेकून उभे होते. अबोलीचं एक पिवळं पान त्यांनी खुडलं. मग म्हणाले, "नलिनी, गिरण बंद होती तेवा ह्या मजल्यावरच्या एकूण एक दारातना आमच्या घराक काय ना काय इलां. सोनूबाय तर रोज पातेलां झाकून घेऊन येय. मी हात पसरून घेतलंय. आता त्याच माणसांका नको खंयच्या तोंडान सांगू?"

 इतकी वर्षं मी ह्या माणसाला बावळट समजत होते.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई तांब्या घेऊन आल्या तेव्हा भाऊ तुळशीपुढे उभे होते. कामाचे कपडे, हातात डबा. कपाळ घामाने भिजलेलं. त्यांनी तांब्यापुढे हात आडवा धरला.

"सोनूबाय, नको."

"काय नको?"

"पाणी. तुळस कुजता आसा. चिलटां ह्याच मातीतसून येतत. माझी सगळी झाडां जातली." हात तसाच आडवा होता. "माका माफ करा. तुमचां खाल्लेलां मी विसरलंय नाय."

सोनूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "हात्तिच्या!" त्या म्हणाल्या. "ते दिलेलं तू तेव्हाच खाल्लंस, संपलं. त्यासाठी आजवर तोंड शिवून बसलास होय रे? आम्ही काय तुला गप्प करायला दिलं होतं?" मग त्यांनी तांब्यात बोटं बुडवली, तुळशीच्या पानांवर चार थेंब शिंपडले, हात जोडले आणि उरलेलं पाणी स्वतःच नेऊन बादलीत ओतलं. रोज तेवढेच चार थेंब मग.

पूजेच्या दिवशी भाऊराव पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. एकेका कुंडीवर वाकून फुंकर मारून बघितली. काही उठलं नाही. अबोलीला नवीन फूट आली होती. "राहू द्या कुंड्या," ते म्हणाले. रुक्मिणीवहिनीने आत जाऊन डोळे पुसले, मीही पुसले, उगाच खोटं कशाला बोलू.

पूजा आटोपली, गॅलरीत पंगत बसली. वाढायला सोनूबाई आणि मी. सोनूबाईंनी वालाच्या उसळीचा डाव भरून भाऊंच्या पानावर धरला. "घे रे, खास तुझ्यासाठी केलीय. तुझ्या आवडीची."

"नको," सहदेवभाऊ म्हणाले.

डाव तसाच हवेत. पंगत बघायला लागली.

"माका वाल आवडनत नाय, सोनूबाय. कधीच आवडले नाय."

"कधीच नाही? अरे, संपात तुला रोज वालच द्यायचे मी! पातेलं चाटूनपुसून परत पाठवायचास. मग खाल्लेस कसे?"

"भूक होती," भाऊ म्हणाले.

 सोनूबाईंनी डाव परत भांड्यात ठेवला आणि रिकामा झालेला हात भाऊंच्या टकलावर ठेवला. हसत होत्या की रडत होत्या ते मला नीट कळलं नाही, बहुतेक दोन्ही. "नलिनी," त्या म्हणाल्या, "ह्याला शिरा वाढ गं."

मी वाढला. सहदेवभाऊंनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आणखी घाल," ते म्हणाले.