साळूबाईच्या बांधावरचा वीर

गुलमंडीत वैजनाथरावांचं फोटोचं दुकान होतं, पण त्या धंद्यात त्यांचा जीव कधी रमला नाही. नवरा-नवरीला बाकावर बसवायचं, हनुवटी जरा वर घ्या म्हणायचं, खटका दाबायचा, झालं काम. खरा वैजनाथ बाहेर पडायचा तो रविवारी. खांद्यावर तिवई, काखेत काळं कापड, हातात लाकडी पेटीतला कॅमेरा, आणि एसटी नेईल ते गाव. पडके बुरूज, बुजलेल्या बारवा, माळावर एकटाच उरलेला देवळाचा खांब, पावसानं खरवडलेले डोंगर. माणूस मात्र चौकटीत येऊ द्यायचा नाही. यमुनाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणायच्या की लोकांच्या घरात पोराबाळांचे फोटो असतात, आमच्या घरात दगडांचे. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! भिंतीवर सासू-सासऱ्यांचा एक फोटो नव्हता, आणि दौलताबादच्या तटाचे पाहिजे तेवढे होते.

तसा माणूस वाईट नव्हता. रस्त्यावर टाकायला कुणी कोरीव दगड फोडताना दिसला की यांचं जेवणावरचं मन उडायचं. हे सगळं एक दिवस जाणार, निदान कागदावर तरी राहू द्या, हे त्यांचं कायमचं पालुपद. पण एक खोड होती. दगड त्यांना स्वच्छ लागायचा. तेल, शेंदूर, चुना असलं काही दिसलं की कपाळाला आठी पडलीच. मग लाकडाच्या चिपेनं खरवडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि कोरलेल्या रेघांतून खडू फिरवायचा, म्हणजे फोटोत नक्षी उठून दिसते. या कामात आपला हात धरणारा मराठवाड्यात कुणी नाही असं त्यांना वाटायचं. आता एवढा अभिमान कशाला बाळगावा माणसानं? पण बाळगला खरा.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील. देवगाव रंगारीच्या अलीकडं एका शेताच्या बांधावर वीरगळ आहे, असं त्यांच्या कानावर आलं. जुन्या काळी लढाईत पडलेल्या वीराच्या नावानं दगड उभा करायचे, तो वीरगळ. गडी रविवारी हजर. जाऊन बघतात तर दगड कुठला दिसायला! कमरेएवढा नुसता शेंदराचा गोळा, त्याला चांदीचे मोठाले दोन डोळे बसवलेले, आणि समोर तेलाची वाटी घेऊन बसलेली साठीतली साळूबाई.

बाईची हकिकत तिचा पुतण्या कारभारी यानं सांगितली. बद्रीनाथ तिचा एकुलता एक लेक. रझाकारांच्या धामधुमीत, चाळीसगावकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात जातो म्हणून घरातून निघाला. पुढं ॲक्शन झाली, बरोबरची पोरं गुलाल उधळत परत आली, हा आला नाही. मेला म्हणावं तर पाहिलेला कुणी नाही, आणि जिता म्हणावं तर इतकी वर्षं आईला विसरून राहील कसा? त्याचा फोटो नव्हताच. खेड्यात तेव्हा कुणाचे असायचे? कधीतरी बाईनं बांधावरच्या वीरालाच बद्री म्हणायला सुरुवात केली. दर अवसेला तेल-शेंदूर चढवायची, पीकपाणी सांगायची, रुसायचीसुद्धा. डोळे तिनं आपलं कडं मोडून सोनाराकडून करून घेतले होते. बद्रीचे डोळे मोठे होते, म्हणून हेही मोठे. गाव तिला कधी हसलं नाही, एवढी गावाला अक्कल होती.

वैजनाथरावांना ऐकून वाईट वाटलं. पण मन धावत होतं शेंदराखालच्या दगडाकडं. खाली शेकडो वर्षांपूर्वीचं कोरीव काम आहे, तेवढा थर काढू द्या, अशी त्यांनी गळ घातली. बाई मान हलवायला तयार नाही. तेव्हा ते बोलायला नको ते बोलून गेले.

"साळूबाई, खाली खरं तोंड आहे. त्याचा फोटो निघेल. कायमचा तुमच्याजवळ राहील."

लेकाचं तोंड बघायला मिळणार म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? तिनं एवढंच विचारलं, "त्याला काय व्हणार नाय ना?"

"माझा शब्द आहे. केसालाही धक्का लागणार नाही."

बाईनं स्वतःच्या हातानं डोळे काढून घेतले आणि पाठ फिरवून बसली. लेकाला असं उघडं करताना मला बघवायचं नाय, म्हणाली. वैजनाथराव खरवडायला लागले. शेंदराचे पापुद्रे सुटत गेले आणि आतून दगड वर आला. खाली तलवार उगारलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पिंड आणि चंद्र-सूर्य. वीराचं तोंड तेवढं झिजून सपाट झालं होतं, पण कमरेचा शेला काय, तलवारीची मूठ काय! वैजनाथराव लहान पोरासारखे हरखले. रेघारेघांत खडू भरला, काळ्या कापडात डोकं घातलं आणि दोन फोटो काढले. आजूबाजूच्या शेतांतली माणसं येऊन बघत उभी होती, तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं. एसटीची वेळ झाली म्हणून खडू पुसायचा तसाच राहिला. बाईनं मान वळवूनच दगडावर पंचा गुंडाळला. येत्या अवसेला नवा शेंदूर चढवीन, तवर उघडा बघायचा नाय, असं तिनं ठरवलं होतं.

फोटो फार सुरेख उतरला. त्याला काचेची चौकट करून वैजनाथराव एका रविवारी खुशीत देवगावच्या एसटीत बसले. अवस अजून यायची होती.

बांधावर खड्डा होता. माणूस उभा राहील एवढा खोल. कडेला मुरमाचा ढीग, आणि ढिगात दगडाचे तुकडे. एकावर अप्सरेचा हात होता, त्यातला खडू अजून पांढरा होता. वैजनाथराव खाली बसून तुकड्याला तुकडा लावून बघायला लागले. कारभारी येऊन शेजारी उभा राहिला.

ॲक्शनच्या वेळी पळापळ झाली तेव्हा लोकांनी सोनंनाणं जमिनीत पुरलं, ही गोष्ट त्या मुलखात घरोघर बोलली जायची. रात्री-अपरात्री कुणी ना कुणी कुठं ना कुठं खणतच असायचं. त्यात हे. कारभारी चिडला नव्हता, उलट समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "काका, तुम्ही शहरातून आले. कापडात डोकं घालून यंत्रातून बघितलं, अन् दगडावर पांढरी निशाणी करून गेले. लोकांनी काय समजायचं?"

कुणी खणलं ते कुणी सांगेना. मिळालं काय, तर मुरूम. वैजनाथरावांना तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण शब्द दिला होता, तो मोडला होता, आणि निदान तोंड दाखवायला हवं होतं. हातातल्या चौकटीचा त्यांना तेवढाच आधार वाटत होता. दगड गेला तरी फोटो आहे. आपण जन्मभर हेच तर सांगत आलो!

साळूबाई ओसरीवर बसली होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी मुकाट ऐकून घेतल्या असत्या. ती म्हणाली, "या."

"माझ्या हातून फार मोठी चूक झाली, साळूबाई. पण हा फोटो आहे. बद्रीचा."

बाईनं पदराला हात पुसले, दोन्ही हातांनी चौकट घेतली आणि उजेडाकडं धरली. जवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग वैजनाथरावांकडं बघून तिनं विचारलं, "ह्यो कोण?"

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ही तलवार, हा शेला, हा तुमचा वीर.

"ह्याला तोंड कुठंय?"

जे तोंड बाई इतकी वर्षं बघत होती ते तिनंच शेंदराचा थरावर थर चढवून घडवलेलं होतं, आणि ते यांनी चिपेनं खरवडून बांधावर टाकलं होतं.

"शेंदरातला काढला असंल की येखादा," बाई म्हणाली. "आधी काढला असंल ना?"

कॅमेरा तेव्हा तिवईवर चढवलेला होता. ऊनही चांगलं होतं. शेंदराच्या गोळ्याचा काय फोटो काढायचा, म्हणून त्यांनी काढला नव्हता.

"नाही काढला," वैजनाथराव म्हणाले.

बाईनं चौकट त्यांच्या हातात परत दिली. मग तिनं पुतण्याला हाक मारली.

"कारभारी, दोन घागरी पाणी काढ. बद्रीच्या नावानं आंघोळ करायची हाये."