हिरवा लाइट लागते

आमच्या सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर एक आंधळे भाऊ होते. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. तोंडावर सगळे त्यांना भाऊ म्हणत. पाठीमागं काय म्हणत ते लिहीत नाही, कारण त्यात माझाही आवाज असायचा. रोज कामठीहून शेअर ऑटोनं येत आणि पावणेदहाला जागेवर बसलेले असत. मी आस्थापनेचा बाबू. हजेरी, रजा, बदल्या, सगळे कागद माझ्याकडे.

आधी हजेरीपटावर सही असायची. भाऊंना सही यायची, रकाना दिसायचा नाही. म्हणून मी त्यांचं मनगट धरून पेन रकान्यावर टेकवायचो. एकदा गंमत म्हणून टेकवलं ते वारलेल्या चपराशाच्या रकान्यात. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. भाऊही हसले, "काहून हसून राहिले गा?" असं विचारत विचारत. नऊ वर्षं त्यांची हजेरी माझ्या हातात होती, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

मग बोटाचं मशीन आलं. बोट घेतलं की आतली बाई बोलायची, 'धन्यवाद'. नाही घेतलं तर, 'कृपया पुन्हा बोट ठेवा'. पहिल्या दिवशी भाऊंनी चाचपून काच शोधली, बोट ठेवलं, धन्यवाद ऐकलं आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "चाल बाबू, सुटला तुझा हात." एवढ्याशा गोष्टीनं माणूस इतका खूश झालेला पाहून मला टोचलंच.

आम्हाला मात्र ती बाई नडली. साहेबाची केबिन मशीनच्या शेजारीच. साडेदहाला कोणी दबक्या पावलांनी आला की बाई ओरडायची आणि साहेब आतून घड्याळ बघायचा. वेळ मशीनमध्ये नोंदली जायची म्हणा, पण तो कागद काढणारा मीच. साहेबापुढं फक्त हजर-गैरहजर जायचं. सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं, आणि सगळ्यांत उशिरा येणारा तर मीच होतो. एका दुपारी पासवर्ड टाकला आणि आवाज शून्यावर नेला.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला शोधत टेबलापर्यंत आले.

"बाबू, मशीन बोलून नाही राहिलं."

"आवाजाचं काहीतरी जळलं आतलं. बोट ठेवा न चाला, घेते ते."

"घेतलं का नाही, मले कसं समजन?"

"हिरवा लाइट लागते नं."

आंधळ्या माणसाला मी हे सांगितलं. आजूबाजूचे फिदीफिदी हसले. भाऊ "बरं" म्हणून बोर्डाकडे गेले.

आता फोनचं सांगायला पाहिजे. रोज दहा वाजता मी घरून नाहीतर चहाच्या टपरीवरून ऑफिसचा नंबर लावायचो. फोन भाऊच उचलणार. "साहेब आला का, भाऊ?" ते म्हणायचे, "नाही आला, चहा पिऊन घे आरामानं." किंवा, "गाडी लागून राहिली, पळ लवकर." कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. एकदाही त्यांनी चुकीचं सांगितलं नाही, एकदाही कुठं वाच्यता केली नाही.

डिसेंबरात थंडीनं त्यांची बोटं फुटली. फुटलेलं बोट मशीन घेईना. लाल लाइट लागायचा आणि भाऊ आपले जागेवर जाऊन बसायचे. पावणेदहाला ते बघायला आमच्यातलं कोणी आलेलंच नसायचं. महिन्याचा कागद काढला तर त्यांच्यापुढं एकोणीस दिवस गैरहजर. मी तो दोनदा वाचला. एका ओळीचा शेरा पुरला असता, की मशीन बोट घेत नव्हतं, माणूस हजर होता. पण मग आवाज कोणी बंद केला हेही निघालं असतं. कागद तसाच साहेबापुढं ठेवला.

साहेबानं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, "दुपारी हे मला दिसतात. सकाळी येतात कधी? उशीर दिसू नये म्हणून बोटच लावत नाहीत." उशिरा येऊन लपवायचो आम्ही, ते भाऊंच्या नावावर लागलं. मग तो म्हणाला, "दहा वाजता यांना जागेवर कोणी पाहिलं असेल तर सांगा. एकानं सांगावं, विषय संपला."

कोणी बोललं नाही. पाहायला दहाला यावं लागतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मीही पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं, त्या महिन्यातसुद्धा रोज दहा वाजता. सगळे फोन माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये होते. दाखवले असते तर दहाला मी कुठं असतो हेही दिसलं असतं. भाऊंनी तोंड आमच्याकडे वळवलं आणि वाट पाहत राहिले. मी कुठं उभा आहे हे त्यांना माझ्या खोकल्यावरून कळायचं. म्हणून मी खोकला दाबून धरला.

साहेबानं विचारलं, "तुमच्याकडे काही पुरावा?"

माझं नाव घेतलं असतं तर सुटले असते. ते म्हणाले, "नाही साहेब."

भाऊंची लांब नरखेड तालुक्यातल्या ऑफिसात बदली झाली. तिथला टेलिफोन केव्हाचा कापलेला, त्यामुळे दिवसभर नुसतं खुर्चीवर बसायचं. आदेश मीच टाइप केला. तिसऱ्या ओळीत 'दृष्टिहीन' लिहिताना चुकलो, ते खोडून परत नीट लिहिलं.

शेवटच्या दिवशी पिशवी घेऊन निघताना भाऊ माझ्या टेबलाशी थांबले. हळूच म्हणाले, "उद्यापासून कोणाले विचारशील गा, साहेब आला का म्हणून?"

मी त्यांना विचारलं, "एसटी किती वाजताची आहे?"

मशीनचा आवाज अजून शून्यावरच आहे. मी मात्र आता रोज दहाच्या आत ऑफिसात असतो, साहेब चारचौघांत माझं उदाहरण देतो. लाज वाटली म्हणून सुधारलो असं कोणी समजू नये. साहेब आला का, ते सांगणारं आता कोणी राहिलं नाही.