पुरचुंडी कधी काढायची

वरच्या मजल्यावरच्या अंकलच्या फ्रीजमध्ये दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला एक मोठी काचेची बरणी बसायची. आत मधाच्या रंगाचं पाणी आणि त्यात दोऱ्याने सोडलेली मलमलची पुरचुंडी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, आंटींनी कसला तरी काढा करून ठेवलाय. हे ऐकून आंटी इतक्या हसल्या की तेव्हापासून त्यांच्या घरात त्या बरणीचं नाव काढाच पडलं. अंकल मात्र दर वेळी दुरुस्त करायचे, "काढा नाय, बिअर. बिनदारूची असली तरी बिअरच."

दोघं वसईचे. अंकलची सगळी नोकरी इथे आखातात, सलालाहच्या हॉटेलांमधल्या स्वयंपाकघरात गेली. वसईत असताना ते खरी बिअर करत. इथे घरी दारू करायला मनाई, आणि पुढे डॉक्टरांनीही मनाई केली. मग त्यांनी यीस्ट सोडून दिलं, बाकी सगळं ठेवलं. मोड आणून भाजलेले जव उकळायचे, त्यात मूठभर हॉप्स टाकायचे, गाळायचं, गार करायचं. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळलेली फुलं, हिरवी, कागदासारखी हलकी. त्यांची मुलगी सुट्टीला येताना घेऊन यायची. प्यायच्या वेळी सोडा मशीनने फेस आणायचा. पण त्याआधी, सगळं गार झाल्यावर, हॉप्सची दुसरी मूठ पुरचुंडीत बांधून बरणीत सोडायची.

"दोनदा कशाला?" मी विचारलं होतं.

"उकळत्यात टाकलं की कडू. गारात टाकलं की वास."

मला आईचा माठ आठवला. उन्हाळा लागला की ती वाळ्याची जुडी धुऊन माठात टाकायची. शाळेतून येऊन पहिला पेला तोंडाला लावला की पाण्याआधी वास यायचा. मी तसं सांगितलं, तर अंकलनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मग तू शिकून आलायस की! फक्त एक सांग, जुडी कधी काढायची?"

"आई वास घेऊन ठरवायची."

"तेच. दोन-तीन दिवसांच्या आत-बाहेर. जास्त राहिली तर गवत होतं. आणि माझं नाक फोडण्यांच्या धुरात गेलं. नाकाचं काम तुझं, केमिस्ट."

मी खरोखरच केमिस्ट. आमच्या घरात पहिला पदवी घेतलेला मी. तालुक्याच्या गावी आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन टेबलं. पण रसायनशास्त्राच्या सरांनी त्यातूनच सगळं शिकवलं. परीक्षानळीला नाक लावायचं नाही, हाताने वारा घालून वास आपल्याकडे बोलवायचा, हे त्यांनी मला इतक्या वेळा करायला लावलं की आजही चहाच्या कपावर माझा हात तसाच हलतो. सलालाहच्या एका छोट्या कारखान्यात मला नोकरी मिळाली ती त्यांच्या पत्रामुळे आणि या हातामुळे. तिथे लुबान, म्हणजे इथल्या झाडाचा सुगंधी डिंक, त्याचं तेल काढतात. तेलात कागदाची पट्टी बुडवायची, वास घ्यायचा, तासाने पुन्हा घ्यायचा, आणि काय आलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. लिंबू, ओलं लाकूड, मिरी. मशीनही होतं, पण आमच्या मालकांचा, म्हणजे अर्बाबांचा, मशीनपेक्षा माझ्या नाकावर विश्वास. त्या नाकावर माझं घर चाललं होतं, धाकट्या बहिणीचं नर्सिंग चाललं होतं.

त्या वर्षी जुलैअखेर मला ताप आला. चार दिवसांनी उतरला, आणि वास गेला.

कसा गेला ते सांगणं अवघड आहे. खरीफच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या दिवसांत सलालाहचे डोंगर धुक्यात जातात, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, बारीक भुरभुर चालू असते, रस्त्याच्या कडेच्या नारळांची फक्त खोडं दिसतात. तसंच आतून झालं. साबण, कांदा, भिजलेली चप्पल, सगळं पांढरं. मी कारखान्यात जाऊन पट्टी बुडवली, हाताने वारा घातला, आणि काहीच आलं नाही. मी वाट पाहिली. मग रजिस्टरचं मागचं पान उघडलं आणि तिथले शब्द पुढच्या पानावर लिहिले. लिंबू, ओलं लाकूड, मिरी.

असं मी बारा दिवस लिहिलं. रोज सकाळी ठरवायचो की आज अर्बाबांना सांगायचं. मग वाटायचं, उद्या येईल वास. नाक नसलेल्या माणसाला इथे कोण ठेवणार?

त्यातच अंकलची हाक आली. "केमिस्ट, पुरचुंडी दोन दिवस झाली! बघ."

पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी चर्चचा सण, दोन्ही आटोपून त्यांच्याकडे दहा-बारा जण जेवायला यायचे. बरणी त्यांच्यासाठी. मी झाकण काढलं, हात हलवला. गार वाफ बोटांना लागली, बाकी काही नाही.

"अजून एक दिवस ठेवा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो, तिसऱ्या दिवशीही. अंकल दर वेळी झाकण लावून बरणी परत आत ठेवायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि तोच मला सोसवत नव्हता. घरी येऊन मी खिडकीशी बसायचो. समोर धुक्यातून उंट रस्ता ओलांडत, अर्धे दिसत, अर्धे नाही. मला वाटायचं, मीही असाच कुठेतरी अर्धा राहिलोय. आईशी फोनवर बोलताना ती विचारायची, "आवाज असा का?" मी म्हणायचो, "सर्दी."

सातव्या दिवशी सकाळी कामाला जाताना वर गेलो. आंटी भाकरी थापत होत्या, अंकल दाढी करत होते. मी सवयीने झाकण काढलं आणि हात हलवला.

काहीतरी आलं. अगदी पातळ, दूरवरून, बंद दाराच्या फटीतून यावं तसं. मी पुन्हा हात हलवला. मग सरांनी शिकवलेलं सगळं विसरून नाकच बरणीत घातलं.

"कडबा!" मी ओरडलो. "अंकल, कडब्याचा वास! ओला कडबा!"

अंकल गालाला फेस तसाच ठेवून आले. "कडबा? म्हणजे गवत? बिघडली रे!"

"हो! बिघडली!" मी म्हणालो, आणि मला रडू कोसळलं.

आंटींनी पिठाच्या हातांनीच मला खुर्चीत बसवलं. मी सगळं सांगितलं. ताप, रजिस्टर, रोजचं "अजून एक दिवस". अंकलनी पुरचुंडी बाहेर काढली.

"पहिल्या दिवशी सांगायचं ना, बाबा," आंटी म्हणाल्या. "याचं नाक वीस वर्षांपूर्वी गेलं, तरी मी ठेवलाय की याला."

"बरणीचं सोड," अंकल म्हणाले. "त्या तेलाच्या बाटल्यांचं काय? त्या लोक विकत घेतात."

मी तसाच कारखान्यात गेलो. अर्बाब अंगणात चटईवर बसून डिंकाचे खडे निवडत होते. ते म्हातारे, आमच्याशी त्यांच्या पद्धतीचं हिंदी बोलत. मी रजिस्टर पुढे ठेवलं आणि बारा दिवसांच्या ओळींवर बोट ठेवलं. "ये सब झूठ है, अर्बाब."

त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं. "नाक खलास?"

"आज थोडा आया."

"क्या आया? लुबान?"

"नहीं. घास. जानवर खाता है, वो."

"हशीश?"

मी घाबरून दोन्ही हात हलवले. "नहीं नहीं अर्बाब, हशीश नहीं!" ते आधी गोंधळले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्या भाषेत जनावरांच्या साध्या चाऱ्यालाही हशीशच म्हणतात.

हसू संपल्यावर मात्र ते गंभीर झाले. त्या बारा दिवसांतली प्रत्येक बाटली परत उघडायला लावली. वास त्यांनी स्वतः घेतला, एकेक, डोळे मिटून, आणि दोन बाटल्या बाजूला काढल्या. मी खोट्या ओळी खोडल्या आणि ते सांगतील ते लिहिलं. संध्याकाळी रजिस्टर मिटताना म्हणाले, "नाक आने तक मैं सूंघेगा, तू लिखेगा. इन्शाल्ला जल्दी आएगा. लेकिन झूठ फिर लिखा, तो यल्ला, इंडिया."

त्या पानावर सगळ्यात खाली मी माझी एक ओळ लिहिली: आज मला लुबानाचा वास आला नाही, ओल्या कडब्याचा आला.

पंधरा ऑगस्टला अंकलनी बरणी टाकून दिली नाही. सोडा भरून सगळ्यांना वाढली. पहिला घोट घेऊन एक पाहुणे म्हणाले, "हे काय, म्हशीचं पाणी?" अंकल म्हणाले, "आमच्या केमिस्टने पास केलंय." खिडकीबाहेर धुकं तसंच होतं. मी ग्लासवर हात हलवला. कडबा अजून तिथेच होता, सकाळच्या गोठ्यातला, दव पडलेला. मी दुसरा ग्लास मागितला.