स्टेडियमचं गेट कुणाचं?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं भंजाळतं. खून-दरोड्यांचे तपास केले, त्यात एवढा गोंधळलो नव्हतो. हा तर नुसता कापलेल्या गेटाचा तपास होता.

मी तेव्हा शिरूर तालुक्यात फौजदार होतो. नगर रस्त्याजवळच्या एका गावात नवीन स्टेडियम झालं होतं. जागा गावाची, भिंत आणि पायऱ्या सरकारी निधीतून, लोखंडी गेट जवळच्या कंपनीनं दिलेलं. काही महिन्यांनी कंपनीनं त्या गेटाला स्वतःचं कुलूप ठोकलं. कारण काय, तर मैदानाची नासधूस होते.

एका सकाळी हजेरी चालू असताना आमचा चहावाला कानाशी लागला. "साहेब, स्टेडियमचं गेट कापलंय. खेळाच्या मास्तरांचं काम हाय. आख्ख्या गावाला म्हाईत हाय."

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतले, मूळचे दौंडकडच्या राहू गावचे. मी त्यांना समोर बसवून आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "व्हय साहेब, मीच कापलं. पंधरा दिवसांवर मुलींच्या खो-खोच्या मॅचेस आल्यात. पोरी रोज गेटाबाहेर उभ्या. चावी कुणाकडं मागायची, तेच कुणी सांगंना."

आरोपी समोर, गुन्हा कबूल, तरी घोडं अडलं. गेट सरकारी ठरलं तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा. म्हणजे अटक, आणि कोठडी लांबली की मास्तर निलंबित. गेट खाजगी ठरलं तर अदखलपात्र नोंद, समज देऊन मोकळं. मास्तरांची नोकरी राहणार की जाणार, हे गेटाचा मालक कोण यावर ठरणार होतं.

सरपंच आले ते "सरकारी लिहा" म्हणतच. मी भडकलो. "आप्पा, मास्तरांच्या पोटावर का उठलाय?"

"मास्तर काय आमचा वैरी न्हाई. पण तुम्ही कंपनीचं लिवलं, तर उद्या आत जायला आमाला कंपनीची परवानगी लागंल. तवा काय करायचं?"

मला ते गावचं राजकारण वाटलं. त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

कंपनीचे मॅनेजर मात्र गोड बोलले. "गेट आमचं आहे, हे बिल. पण शिक्षकांचं वाईट व्हावं असं आम्हाला वाटत नाही. समज द्या आणि सोडा." माणूस भला वाटला. एवढा भला का, हा प्रश्न पोलिसाला पडायला हवा होता. मला पडला नाही.

दोन दिवस बांधकाम खात्यात खेपा मारल्या. एक इंजिनिअर साहेब म्हणाले, गेट आमच्या अंदाजपत्रकात नाही. दुसरे म्हणाले, भिंतीत बसलं की ते सरकारचंच. लेखी द्यायला दोघंही तयार नव्हते. शेवटी गेट कुणाचं याची पंचनाम्यात कोरी ठेवलेली ओळ मीच भरली: 'गेट कंपनीचे असून मैदान कुलूप लावून कंपनीच्या ताब्यात आहे.' मास्तर सुटले. चांगलं काम केल्याचं समाधान वाटलं, ते खोटं कशाला बोलू.

अडीच-तीन वर्षांनी शिरूरच्या कोर्टातून साक्षीचं समन्स आलं. गाव विरुद्ध कंपनी, दावा मैदानाच्या ताब्याचा. तोवर तिथं कंपनीचे ट्रक उभे राहायला लागले होते. कंपनीच्या वकिलानं माझाच पंचनामा माझ्यापुढं धरला.

"सही तुमचीच?"

"हो."

"म्हणजे तेव्हापासून मैदान कंपनीच्या ताब्यात आहे?"

मागं बसलेल्या सरपंचांकडं माझ्यानं बघवेना. "लिहिलंय तसं होतं," एवढंच म्हणालो.

बाहेर मास्तर भेटले. मुलींचं विचारलं, तर म्हणाले, "टीम मोडली साहेब. जागाच न्हाई." मग म्हणाले, "तवा मला आत टाकायचं होतं. माझं मी बघितलं असतं कायतरी."

मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. ज्याला वाचवलं तोच असं म्हणतो? जुन्या सहकाऱ्यांना विचारलं तर निम्मे म्हणतात बरोबर केलंस, निम्मे म्हणतात चुकलास. मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक मात्र नंतर लक्षात आलं. त्या तपासात मी मास्तर, सरपंच, मॅनेजर, इंजिनिअर अशा सगळ्यांशी बोललो. मैदान ज्यांना हवं होतं, त्या मुलींपैकी एकीलाही मी काही विचारलं नव्हतं.